सांबार फुलावर आला

"आई, तुले काय आवडते?" असं हरीओमनं विचारलं आणि पंचफुलाच्या हातातली लसणाची पाकळी सोलायची राहून गेली. प्रश्न तसा जगावेगळा नव्हता. घरापुढे अठरा बाय चोवीस फूट जागा उरली होती, तिचं काय करायचं ते ठरवायचं होतं, आणि हरीओम ऑफिसातून आल्यावर बूटही न काढता मोबाईल तिच्या नाकापुढे धरून उभा होता. मोबाईलवर एकामागून एक बगीचे सरकत होते. हिरवंगार लॉन, लॉनमध्ये पांढरे गोटे, गोट्यांत सिमेंटचा बगळा. एकात तर खोटी विहीर होती, तिच्यावर खोटा रहाट आणि रहाटाला खरी दोरी. "हे पाह्य, हे पुन्याचं हाय. हे नागपूरचं. जागा तुजी, तुले आवडन तसं करू," तो म्हणाला. पंचफुलानं खोट्या विहिरीकडे पाहिलं, मग पोराकडे पाहिलं आणि म्हणाली, "जे चांगलं येईन ते." हरीओम हसला. "येईन काय ते नाई वं विचारून राह्यलो. आवडते काय ते." आत त्याची बायको निकिता पोळ्या लाटत होती, तिचं लाटणं क्षणभर थांबलं असं पंचफुलाला वाटलं. थांबलं नसेलही. पण सारं घर उत्तरासाठी कान देऊन बसलंय असं वाटून तिला कानकोंडं झालं. "सांगतो मंग," ती पुटपुटली. "रविवारपर्यंत सांग. रविवारी गट्टूवाला येते. तुजं काई ठरलं नाई तर सगळ्याच जागेत गट्टू बसवून टाकू. चिखल नाई, कचरा नाई, गाडीले बी बरं." गट्टू म्हणजे ते सिमेंटचे लाल आणि करडे ठोकळे. या लेआउटमधल्या, म्हणजे नव्या प्लॉटांच्या वस्तीतल्या, बहुतेक अंगणांत ते बसले होते आणि त्यांच्या फटींतून गवताची एखादी काडी वर आली, की बाया चिमटा घेऊन तिच्या मागे लागत.

नव्या घरात आल्यापासून मायची आई झाली होती, हेही पंचफुलानं कुणाला बोलून दाखवलं नव्हतं. अनसिंगला होते तोवर हरीओम बांधावरून लांबलचक 'माय' अशी हाक मारायचा, इतकी लांब की ती विहिरीत उतरून परत वर यायची. वाशीमच्या या लेआउटमध्ये भिंतीला भिंत लागलेली, तेवढ्या लांब हाकेला जागाच नव्हती. तक्रार करावी असं मात्र काही नव्हतं. घर चांगलं होतं, नळाला पाणी होतं, सून जीव लावणारी होती. तिच्या नवऱ्याचे, दौलतरावांचे गुडघे गेले, तेव्हा मळा पुतण्याला ठोक्यानं दिला आणि दोघं मुलाकडे आले, एवढीच काय ती कथा. दौलतराव दिवसभर ओट्यावर खुर्ची टाकून बसत आणि रस्त्यानं जाणाऱ्या भाजीच्या गाड्यांवरच्या मालाला नावं ठेवत. "हे मेथी पाह्य. कालची हाय. पानी मारून ताजी केली." त्या संध्याकाळी ती त्यांच्याजवळ जाऊन बसली आणि जरा वेळानं तिनं विचारलं, "तुमाले काय आवडते हो?" "कायचं?" "असंच. झाडाझुडपाचं." दौलतराव विचारात पडले, इतके की एक मेथीची गाडी त्यांच्या पुढून नावं न ठेवता निघून गेली. "मले निब्बर माल आवडत नाई," ते शेवटी म्हणाले. म्हणजे त्यांना निदान काय आवडत नाही ते तरी ठाऊक होतं. पंचफुलाला तेवढंही सांगता आलं नसतं, आणि साठीला टेकलेल्या बाईला आपली आवड सांगता येऊ नये याची तिला लाज वाटली. दुसऱ्याच्या घरी चुकून शिरल्यावर वाटते तसली लाज.

तिनं आठवायचं ठरवलं. आठवायला बसली की सासूच समोर येई. रंगूबाई जाऊन अकरा वर्षं झाली होती, पण मळ्याचा कायदा तिचाच होता आणि तो अजून चालू होता. सरळ वांगं हाराशीत, म्हणजे मंडईतल्या लिलावात जायचं, वाकडं कढईत. गोल, लाल भेदरं, म्हणजे टोमॅटो, बाजारात, फुटकं घरात. मुळ्याला दोन पाय फुटले तर तो भाकरीसोबत, नाहीतर जुडीत. लग्नाला महिना झाला असेल, तेव्हा पंचफुलानं न कळून एक सरळ, जांभळं, काळपट चमक असलेलं वांगं चिरायला घेतलं होतं. रंगूबाई ओरडली नाही. तिनं पाण्याच्या पातेल्यातून ते वांगं काढलं, पदरानं पुसून कोरडं केलं आणि डाल्यात बाकीच्या वांग्यांशेजारी देठ वर करून ठेवलं. बस, एवढंच. पण ते पुसणं पंचफुलाच्या अंगाला लागलं ते लागलंच. पुढे चाळीस वर्षं तिनं स्वतःच्या हातानं कायदा चालवला. चांगलं दिसलं की ते आपलं नाही, हे हाताला आधी कळायचं आणि डोळ्याला मागून. वाशीमला आल्यावर पहिल्याच आठवड्यात तिनं हट्टानं गाडीवरून पावशेर सरळ वांगी घेतली होती, एकाला कीड नव्हती, एकाला बाक नव्हता, आणि दुपारी घरात कुणी नसताना रस्सा करून ती एकटीच जेवायला बसली होती. चव तीच निघाली. अगदी तीच. तिला आधी फसवल्यासारखं वाटलं, मग हसू आलं, आणि मग हसता हसता घास घशात अडकून डोळ्यांना पाणी आलं. आता तर हरीओम वांग्याच्याही पुढचं विचारत होता. ज्याला खायचं नाही, विकायचं नाही, असं काय आवडतं?

शुक्रवारी ती ऑटोत बसून रिसोड रोडवरच्या नर्सरीत गेली. नर्सरीचा मालक अमरसिंग हा मोठा बोलका माणूस. "या मावशी, फुलाचं दाखवू का शोभेचं?" असं म्हणत त्यानं तिला हिरव्या जाळीखाली नेलं. तिथे झाडंच झाडं होती. पानांवर पिवळे ठिपके असलेली, पानंच लाल असलेली, कातरून चेंडूसारखी गोल केलेली. पंचफुला हात पाठीमागे बांधून हिंडली. तिला ती झाडं वाईट वाटली नाहीत, पण एकाही झाडाशी काय बोलावं ते कळेना. पिशव्यांमधल्या मातीत बोट घालून तिनं ओल पाहिली, दोन पिशव्यांतलं तण न विचारता उपटून टाकलं, आणि अमरसिंग हसून म्हणाला, "मावशी, तुमी गिऱ्हाईक नाई दिसत, तुमी तं कामाले आल्या." "सवय हाय बाप्पा." "पन तुमाले आवडते काय, ते तं सांगा." पुन्हा तोच प्रश्न. ती वळली, आणि वळली तिथे नळापाशी, फुटक्या कुंड्यांच्या ढिगामागे, तिला ते दिसलं. कुणीतरी लावून विसरलेला सांबार. पुण्यामुंबईची माणसं जिला कोथिंबीर म्हणतात, ती. गुडघ्याएवढा वाढून, पानं शेपूसारखी बारीक होऊन, तो फुलावर आला होता. पांढरी, किंचित जांभळट, राईएवढी फुलं. त्यांच्यावर दोन माश्या. "थे निब्बर झाला मावशी, टाकून द्याचा राह्यला," अमरसिंग ओशाळून म्हणाला. पंचफुला नळाच्या कडेला टेकली आणि वाकून तिनं त्या फुलांना नाक लावलं.

हरीओमच्या वेळेला ती बाळंतपणासाठी माहेरी, शिरपूरला गेली होती. परत आली ती पौषातल्या एका संध्याकाळी, एसटीनं. हरीओम सव्वादोन महिन्यांचा, लुगड्याच्या झोळीत झोपलेला. घरी जायची वाट मळ्यावरून होती आणि मळ्याच्या कडेला, रस्त्याला लागून, सांबाराचा एक वाफा काढायचा राहिला होता. तिचे दोन हात कमी होते ना घरात, म्हणून राहिला. तो सगळाच्या सगळा फुलावर आला होता. पंचफुलानं तोवर हजारो जुड्या उपटल्या होत्या, पण सांबाराला फूल येतं हे तिनं नुसतं ऐकलेलं होतं. चाळीस दिवसांच्या पुढचा सांबार तिला ठाऊकच नव्हता. बियाणं दुकानातून यायचं, धने किराणातून. कमरेइतक्या उंच त्या पांढऱ्या धुरापाशी ती उभी राहिली. वास सांबाराचाच होता, पण नुसता सांबाराचा नव्हता, त्यात काहीतरी गोड मिसळलं होतं. वाऱ्यानं सगळा वाफा एकदम वाकला आणि एकदम सरळ झाला. झोळीतलं पोर झोपेत चुटचुट तोंड हलवत होतं. किती वेळ ती उभी होती कोण जाणे. मग रंगूबाईचा आवाज आला, "पाह्यतं काय व? गावात तोंड दाखवाले जागा नाई राह्यली. जानारायेनारा पाहून राह्यला, घरात बाया हायेत का मेल्या म्हनते." हे खरं होतं. ज्यांच्या मळ्यात माल निबर होतो, त्यांच्या घरच्या बाया आळशी, असं सगळ्या गावाचं ठरलेलं होतं, आणि सांबार फुलावर येणं तर उघड्या रस्त्यावरची बेअब्रू. दुसऱ्या दिवशी सकाळी पंचफुलानं तो वाफा उपटला. तिला कुणी बळजबरी केली नव्हती. पदर खोचून तीच बसली आणि तिनंच मुळासकट उपटून त्याचे भारे उकिरड्यावर टाकले, आणि उपटताना आपण घराची लाज राखतोय असंच तिला वाटत होतं. वाईट वाटलं होतं का? वाटलं असेल. तेवढं बघायला वेळ कुणाला होता.

अमरसिंगकडून तिनं एकही झाड घेतलं नाही. येताना किराणा दुकानातून पाव किलो धने तेवढे घेतले. ऑटोत मांडीवर ती पुडी घट्ट धरून बसली होती आणि मनाशी बागेचा आराखडा काढत होती. वाफे नकोतच. सरळ तर काहीच नको. एक ओघळासारखी वाट, ती मधेच वळेल, वळते तिथे बसायला दगड, आणि दगडाच्या दोन्ही बाजूंनी सांबार, मेथी, मुळा, सगळं मनाला येईल तसं वाढू द्यायचं, फुलू द्यायचं, कशाचाच वेळ पाळायचा नाही. तोडायचं नाही, उपटायचं नाही. हे तिला आवडत होतं! एवढं स्पष्ट कळलं, की ऑटोतच तिला हसू आलं. पण हे सांगायचं कसं? हरीओमला म्हणायचं, की बाबा, तुझ्या मोबाईलमधले बगीचे राहू दे, मला निबर झालेल्या भाजीचा बगीचा पाहिजे? दौलतराव खुर्चीवरून उठून उभेच राहिले असते, गुडघ्यांसकट.

रविवारी सकाळी गट्टूवाला यायच्या आत तिनं चुलीची राख पसरून जागेवर रेघा ओढायला घेतल्या. नव्या घरात चूल गच्चीवर होती, पाणी तापवायची, तिचीच राख. डोक्यात ओघळाची वाट होती. पण ती वाकली, हात चालू लागले, आणि अर्ध्या तासानं कंबर सरळ करून तिनं पाहिलं, तर जमिनीवर सहा वाफे आखले गेले होते, सगळे सारखे, मधून पाण्याचा पाट, आणि एका कडेला डोक्यावर डालं घेतलेली बाई जाईल एवढ्याच रुंदीची पायवाट. तिची तीच थक्क झाली. राखेवरून हात फिरवून पुन्हा आखायला ती खाली बसली, तेवढ्यात हरीओम बाहेर आला आणि ओरडला, "आई, हा तं अनसिंगचा मळाच आनला तू!" दौलतरावांनी खुर्चीतून मान लांब करून, एक डोळा मिटून रेघा पाहिल्या. "सूत सरय हाय," ते म्हणाले. त्यांच्या तोंडून कौतुकाचं याहून मोठं वाक्य चाळीस वर्षांत निघालं नव्हतं. निकितानं फोटो काढला. सगळे इतके खूश झाले, की पंचफुलाला बोलताच येईना. गट्टूवाल्यानं गाडी उभी करायची बाजू तेवढी भरून घेतली. उरलेल्या जागेचं हरीओमनं सांगितलं, "संक्रांतीपर्यंत पाहू. निकिताचं या घरातलं पयलं हळदीकुंकू हाय, बाया येतीन. नीट दिसलं तं राहू दे, नाई दिसलं तं तवा गट्टू." पंचफुलानं मान हलवली. वाफे तर वाफे, असं तिनं मनाला समजावलं. रेघा सरळ असल्या म्हणून फुलं थोडीच अडतात. फक्त तोडायचं नाही, एवढं एक तर आपल्या हाती आहे.

दिवाळीचा फराळ संपता संपता तिनं धने चपलेखाली रगडून दोन दोन फाका केल्या, ते रात्रभर भिजवले आणि पेरले. चार वाफे सांबार, एक मेथी, एक मुळा. मग ते दिवस आले, ज्यांना तिच्या आयुष्यात नाव नव्हतं. सकाळी उन्हं आली की ती पायरीवर बसायची आणि नुसती बघायची. मातीला आधी बारीक भेगा पडल्या, भेगांतून वाकलेल्या माना आल्या, माना सरळ झाल्या. मळ्यात हे सगळं व्हायचंच, पण तेव्हा त्याच्याकडे बघणं म्हणजे मोजणं असायचं: एवढे दिवस झाले, एवढे उरले. आता मोजायचं नाही असं तिनं ठरवलं, आणि मोजायचं नाही असं ठरवल्यामुळे सारखी मोजत राहिली. बत्तीस. पस्तीस. पानं रुंद झाली, हिरवी, तेलकट, हात लावला तर बोटांना दिवसभर वास राहायचा. अडतिसाव्या दिवसापासून तिला विनाकारण बेचैन वाटायला लागलं. भाजीत मीठ दोनदा पडलं. निकितानं विचारलं, "आई, बरं वाटत नाही का?" निकिता अमरावतीची, तिची भाषा साफ. पंचफुला म्हणाली, बरं आहे. काय सांगणार? वाफ्यांकडे पाहिलं की तळहाताला खाज सुटते, हे सांगण्यासारखं नव्हतं.

बेचाळिसाव्या दिवशी पहाटे थंडीचा वारा फिरला आणि स्टेशनवरच्या गाडीची शिटी ऐकू आली. या घरात ती आजवर कधी ऐकू आली नव्हती. अनसिंगला पहाटेच्या पहिल्या एसटीचा असाच लांब हॉर्न म्हणजे उठायची वेळ होती, हॉर्नला उपटायला बसायचं, उजाडायच्या आत जुड्या धुवायच्या, हर्रास सुरू व्हायच्या आधी माल वाशीमच्या मंडईत. पंचफुला उठली. पदर खोचला, डोक्याला फडकं बांधलं, बाहेर येऊन पहिल्या वाफ्याच्या टोकाला उकिडवी बसली. माती गार होती. मूठभर धरायचं, हलक्या झटक्यानं वर घ्यायचं, मुळांची माती गुडघ्यावर झाडायची, पिवळं पान खुडायचं, अंबाडीच्या वाखाचा एक वेढा, एक गाठ, डावीकडे ठेवायचं. इतकं सुख तिला कित्येक महिन्यांत झालं नव्हतं. डोकं रिकामं होतं आणि हात भरलेले होते. मागे कुणाची तरी चाहूल होती, ती तिला ओळखीची होती, त्यामुळे तिनं वळून पाहिलं नाही. पहिला वाफा झाला, दुसरा झाला, तिसरा झाला. चौथा अर्ध्यावर आला आणि कोपऱ्यावर नगरपालिकेची घंटागाडी तिचं ते रोजचं कचऱ्याचं गाणं लावून वळली. पंचफुलानं मान वर केली. समोर गट्टू होते, गट्टूंवर हरीओमची पांढरी गाडी होती. हातात अर्धी जुडी होती. ओट्यावर जुड्यांची रास ओळीनं लागली होती आणि तिच्या मागे, धोतराचा सोगा खोचून, दुखऱ्या गुडघ्यांवर दौलतराव उभे होते. त्यांनी गोणपाट ओलं करून, पिळून, जुड्यांवर झाकायला दोन्ही हातांत धरलं होतं. दोघं एकमेकांकडे पाहत राहिले. "कुठी नेऊन राह्यलो वं हे आपन?" दौलतराव हळूच म्हणाले. तिला हसू फुटलं, त्यांनाही फुटलं, दोघं म्हातारी माणसं गोणपाट मधे धरून हसत सुटली. हसणं संपलं तेव्हा तिनं रिकाम्या वाफ्यांकडे पाहिलं आणि तिथेच, चिखलाच्या हातांनी, तिला रडू आलं. "काय झालं व? माल तं झकास हाय," दौलतराव गोंधळून म्हणाले. झकास होता, तेच तर झालं होतं. ज्याला बोटही लावायचं नाही असं तिनं स्वतःला बजावलं होतं, ते तिनंच उपटलं होतं. दुसऱ्यांदा.

घरात मात्र सणासारखा दिवस गेला. निकितानं लेआउटमधल्या घराघरांत जुड्या वाटल्या, बाया येऊन वास घेऊन गेल्या, हरीओमनं ऑफिसात पाच नेल्या. "आई, हे बेस झालं. आता हेच चालू ठेव," तो म्हणाला. रिकामे वाफे किती स्वच्छ दिसतात असंही म्हणाला. पंचफुला ऐकत होती. तिच्या चुकीवर सगळे खूश होते, आणि ही एकच गोष्ट तिला सगळ्यात जास्त टोचत होती. उरला होता चौथ्या वाफ्याचा अर्धा तुकडा, घंटागाडी आली म्हणून वाचलेला. त्या दिवसापासून पहाटे शिटी ऐकू येवो न येवो, ती हात पांघरुणाच्या आत, पोटाशी घट्ट धरून पडून राहायला लागली. मेथी आणि मुळा घरात खपून गेले, त्यांचं तिनं मनावर घेतलं नाही. अर्धा वाफा तेवढा जपला. पन्नासाव्या दिवशी मधून एक दांडा वर आला. पानं बारीक झाली, फाटल्यासारखी. दौलतरावांची खुर्ची ओट्याच्या दुसऱ्या टोकाला गेली, त्यांना ते बघवेना. "काढून टाक व. लोक पाह्यतेत," ते दर दोन दिवसांनी म्हणत. "पाहू द्या." "निब्बर झाला थो." "होऊ द्या." शेजारची एक बाई फाटकातून म्हणालीच, "काकू, तब्येत बरी नव्हती का? सांबार तसाच राह्यला तुमचा." पंचफुलाच्या कानाच्या पाळ्या तापल्या. रंगूबाई जिथे कुठे असेल तिथे तोंड लपवून बसली असेल, असं तिला खरंच वाटलं.

हळदीकुंकवाच्या आदल्या दिवशी, शनिवारी, गट्टूवाला ठोकळ्यांची ट्रॉली घेऊन आला. हरीओमला सुट्टी होती. त्यानं बाहेर येऊन सगळीकडे नजर टाकली. पाच वाफे मोकळे, कोरडे पडलेले, आणि एका कोपऱ्यात तो कमरेएवढा वाढलेला, इकडे तिकडे झुकलेला झुडूपभर पसारा. त्यावर पांढरं काहीतरी धरलं होतं. "सफाचट करून टाका," तो गट्टूवाल्याला म्हणाला, "आता उन्हाया येते, काई लागत नाई. थे कोपऱ्यातलं बी काढून घ्या." गट्टूवाल्यानं दोरी ताणली, चुना टाकला, फावडं उचललं. पंचफुला पायरीवरून उठली आणि चालत जाऊन त्या अर्ध्या वाफ्यापुढे उभी राहिली. "हे नाई काढाचं." "आई, थे निब्बर झालं आता. उद्या बाया येतीन, काय म्हनतीन?" "नाई काढाचं." "पन काहून?" सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. उत्तर तिच्या जिभेवर तयार होतं. धने होतील. घरचे धने, मसाल्याला. एवढं म्हटलं की भागलं असतं, हरीओमला पटलं असतं, दौलतरावांची मान हलली असती, रंगूबाईसुद्धा कुरकुरत का होईना गप्प बसली असती. वाफ्याला काम मिळालं असतं. तिनं तोंड उघडलं आणि वाऱ्याची झुळूक आली, मागचा सगळा पसारा एकदम वाकून तिच्या पाठीला लागला, आणि तो वास आला. सांबाराचा, आणि नुसता सांबाराचा नाही. "मले आवडते," पंचफुला म्हणाली. आवाज तिला वाटला होता त्यापेक्षा मोठा निघाला. फाटकाशी उभी असलेली शेजारीणही वळली. "काय आवडते?" हरीओमनं विचारलं, चेष्टेनं नाही, त्याला खरंच कळलं नव्हतं. "हेच. फुलावर आलेला सांबार. तू विचारलं होतं ना? हे आवडते मले."

निकिता दारात उभी होती, ती खाली उतरली, वाफ्याजवळ वाकली आणि एक फुलाचा गुच्छ बोटांवर धरून बघत राहिली. "याला फूल येतं मला माहीतच नव्हतं," ती म्हणाली. गट्टूवाला कंटाळून म्हणाला, दोरी तर ताणून झाली आहे, हे ठेवायचं तर कसं ठेवायचं, मधेच येतं. तेव्हा दौलतराव खुर्चीतून उठले. एका एका गुडघ्याला हात लावत पायऱ्या उतरले, आणि त्यांनी वाकून दोरीची खुंटी उपटली. "तिले विचार कुठून न्याची थे," ते गट्टूवाल्याला म्हणाले. पंचफुलानं खुरपं घेतलं. या वेळी तिनं हाताला घाई करू दिली नाही. एक पाऊल टाकायची, थांबायची, झुकलेल्या दांड्यांकडे बघायची आणि त्यांना जेवढी जागा हवी तेवढी सोडून खुरप्यानं रेघ ओढायची. रेघ पोटासारखी बाहेर आली, पायरीपाशी आत वळली, तिथे एक माणूस बसेल एवढी खोबण राहिली. "लई वाकडं झालं बाई, ठोकळे तोडा लागतीन," गट्टूवाला म्हणाला. "तोडा मंग."

दिवसभर छिन्नीचा आवाज चालला. संध्याकाळी ट्रॉली गेली, हरीओमनं नळी लावून गट्टू धुतले आणि त्या वाकड्या कडेशी आला तेव्हा पाणी बारीक करून, जपून, मुळाशी सोडलं. जाताना "माय, थंडी हाय, आत ये लवकर," असं म्हणून गेला. पंचफुला त्या खोबणीत बसली होती. ऊन उतरलं तशी फुलं जास्तच पांढरी दिसायला लागली. जरा वेळानं दौलतराव आपली खुर्ची ओढत आले, ओट्याच्या त्या टोकावरून या टोकाला, आणि तिच्या जवळ टेकले. बराच वेळ ते नाक वर करून बसले होते, हाराशीतल्या मालाची पारख करताना बसत तसे. "वास निरायाच हाय," ते म्हणाले. मग रस्त्यानं एक मेथीची गाडी गेली, तिच्याकडे त्यांनी पाहिलं नाही. "अजून काय काय आवडते वं तुले?" त्यांनी विचारलं.

"सांगतो," पंचफुला म्हणाली, "बसा जरासे."